अकराशेचा तीन-दशांश

त्या रविवारी मी शहराबाहेर आनेकलला अक्काकडे पोचले तेव्हा ती शिलाई मशीनच्या बाजूला जमिनीवर बसून मुलीला गणित शिकवत होती. अक्का म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. आम्ही निपाणीकडचे. दाजींना बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी होती म्हणून लग्नानंतर ती इकडे आली, आणि काही वर्षांनी मीही सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीसाठी याच शहरात आले. मी बोम्मनहळ्ळीला खोली घेऊन राहायचे आणि रविवारी बस धरून तिच्याकडे जायचे. घरी बसून ती गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. कापड हातावर टाकून अस्तर पाव मीटर लागेल की पाऊण, हे ती टेप न लावता सांगायची.

भाची पाचवीत होती. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण अक्का गणित मराठीतूनच सांगायची. तिची एक ठरलेली रीत होती. तीन-चतुर्थांश काढायचा असला की आधी पाव काढ, मग त्याची तिप्पट कर. दोन-तृतीयांश हवा असला की आधी तीन सारखे ढीग कर, मग त्यातले दोन उचल. लहानपणी मलाही तिनेच असं शिकवलं होतं, चिंचोक्यांचे ढीग करून.

मी चपला काढत होते तेव्हा भाची पुस्तकातलं गणित वाचून दाखवत होती. "एका बागेत छत्तीस झाडं आहेत. त्यातली तीन-चतुर्थांश आंब्याची आहेत. तर आंब्याची झाडं किती?"

"छत्तीसचं पाव," अक्का म्हणाली आणि थांबली. बराच वेळ थांबली. "अठरा."

"अठरा म्हणजे अर्धी झाली ना, आई?"

"अठराची तिप्पट कर."

"चोपन्न."

"मग लिही चोपन्न."

"आई, बागेत झाडंच छत्तीस आहेत."

अक्काने तिच्याकडे बघितलं, मग पुस्तकाकडे. "मग उरलेली लाव," ती म्हणाली.

भाची हसली. तिला वाटलं आई गंमत करतेय. मग तिचं लक्ष दारात उभ्या माझ्याकडे गेलं, आणि माझा चेहरा बघून तिचं हसू विरलं. अक्काच्या हातात पेन्सिल होती आणि तो हात पंख फडफडावा तसा मनगटातून हलत होता. तिला ते कळतसुद्धा नव्हतं.

तिचं लिव्हर खराब होतंय हे आम्हाला दोन-तीन वर्षांपासून माहीत होतं. शरीर आपल्याच लिव्हरवर उलटतं असा तो आजार. अक्काने आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता, पण 'लिव्हर' म्हटलं की लोक आधी तेच विचारायचे. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंनीही मला एकदा जिन्यात गाठून हळूच विचारलं होतं, नवरा पितो का, तिलाही पाजतो का. गोळ्या चालू होत्या. डोळे मधूनच पिवळे व्हायचे, पाय सुजायचे, पुन्हा उतरायचे. आम्ही सगळे त्याला सरावलो होतो.

दुसऱ्या दिवशी दाजी आणि मी तिला घेऊन शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी तिला दोन्ही हात पुढे ताणून धरायला सांगितलं, मग शंभरातून सात वजा करायला सांगितलं. अक्का त्यांच्याकडे बघून लाजल्यासारखं हसली आणि म्हणाली, "सात कुणाचे?"

डॉक्टर आमच्याशी कन्नडमध्ये बोलले. लिव्हर आता रक्त साफ करू शकत नाही. जे विष साचतं ते डोक्यात जातं. औषधाने डोकं पुन्हा ताळ्यावर येईल, पण असं वरचेवर होत राहील. शेवटचा उपाय लिव्हर बदलणं. मेलेल्या माणसाचं मिळायला रांग लांब असते. घरातलं कुणी आपल्या लिव्हरचा भाग देऊ शकतं. देणाऱ्याचं उरलेलं लिव्हर पुन्हा वाढतं.

"मी देतो," दाजी म्हणाले. त्यांनी एकदाही इकडेतिकडे बघितलं नाही.

त्यांचा रक्तगट जुळला, पण तपासणीत लिव्हरमध्ये चरबी निघाली. असं लिव्हर घेता येत नाही. वजन उतरवा, मग पुन्हा बघू, असं सांगितलं. आमच्या आईला साखरेचा आजार, वयही झालेलं. उरले मी. माझा रक्तगटही अक्काचाच होता, वजन नीट, दुखणं कुठलंच नाही. फॉर्मवर सही करताना मला भीती वाटली, पण ती ऑपरेशनची होती. आपण उपयोगी पडणार नाही ही भीती मला तेव्हा सुचलीच नाही.

मी ऑफिसला कळवून घरून काम करायची परवानगी घेतली आणि सामान घेऊन आनेकलला राहायला आले. औषधाने अक्का सावरली. ते गोड, चिकट औषध पोट साफ करायचं, तिला दिवसभर संडासात पळवायचं, पण तिचं डोकं जागेवर राहायचं. ती दोन ब्लाउज शिवायची आणि थकून पडायची. मुलीला शिकवायला मात्र ती पुन्हा बसली नाही. "तूच बघ हिचं गणित," ती मला म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं तर ती लिहील. आई सांगते म्हणून लिहील."

म्हणून संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीच्या पायरीवर बसू लागलो. भाचीला नुसती आकडेमोड चांगली यायची. तीन-चतुर्थांश गुणिले चाळीस असं लिहून दिलं की ती झटकन तीस सांगायची. गणित शब्दांत आलं की अडायची. विशेषतः 'उरलेल्या'ची गणितं. एका बाईकडे साठ लाडू होते. एक-तृतीयांश शेजारी वाटले. उरलेल्यातले एक-चतुर्थांश मुलांनी खाल्ले. भाची दोन्ही वेळा साठचाच भाग काढायची.

"प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचार," मी तिला सांगितलं. "कशाचा? एक-चतुर्थांश, पण कशाचा? साठचा की चाळीसचा?"

हा प्रश्न तिने इतका मनावर घेतला की गणिताबाहेरही विचारू लागली. दाजींनी दुधात अर्धं पाणी घाल म्हटलं की "कशाच्या अर्धं?" अक्का पडल्या पडल्या हसायची. हसली की तिचं फुगलेलं पोट दुखायचं, मग ती हाताने दाबून धरायची.

एके दिवशी पायरीवरच तिने मला विचारलं, "मावशी, तू आईला किती लिव्हर देणार?"

"साधारण दोन-तृतीयांश."

"कशाचं?"

"माझ्या लिव्हरचं."

"तुझं केवढं आहे?"

"ते स्कॅनमध्ये कळेल."

"आणि उरलेलं?"

"उरलेलं माझ्याकडे. ते परत वाढतं."

तिने थोडा विचार केला. "मग तू आधी काढून ठेव," ती म्हणाली, "किती उरतं ते."

स्कॅन झालं. निकाल ऐकायला मी एकटीच गेले, कारण दाजींची पहिली पाळी होती आणि निकालात काही वेगळं असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर माझं लिव्हर दाखवलं. राखाडी रंगाचं, मधून एक रेघ आखलेली. सगळं मिळून अकराशे मिली. रेघेच्या उजवीकडचं सातशे नव्वद, डावीकडचं तीनशे दहा.

"उजवा भाग आम्ही घेतो," ते म्हणाले. "देणाऱ्याकडे किमान तीस टक्के उरलं पाहिजे. तुमच्याकडे अठ्ठावीस उरतंय."

"डावा भाग द्यायचा, उजवा मला ठेवायचा, असं नाही का करता येणार?"

"तीनशे दहा त्यांना पुरणार नाही. त्यांच्या वजनाला निदान चारशे लागेल."

"दोन टक्क्यांचा तर फरक आहे, सर."

"तुम्हाला काही झालं तर?" ते म्हणाले. शांतपणे म्हणाले, चिडून नाही. "एका घरातली दोन माणसं मी नाही घालवणार."

बाहेर मी बाकड्यावर बसून ते गणित पुन्हा पुन्हा केलं. आकडे सोपे होते, त्यामुळे चुकायलाही जागा नव्हती.

घरी आले तेव्हा दाजी कामावरून परतले होते. अक्का पलंगावर भिंतीला टेकून बसलेली, भाची खाली चटईवर. मी सांगितलं. दाजींना पटकन कळलं नाही. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा मी सांगायच्या आत भाचीने कागद ओढून त्यावर एक लांब पट्टी काढली.

"तीस टक्के म्हणजे काय?"

"शंभरातले तीस. म्हणजे दहातले तीन."

"कशाचे?"

"अकराशेचे."

तिने पट्टीचे दहा भाग केले. ओठ हलवत मोजलं. "एक भाग एकशे दहा. तीन भाग तीनशे तीस." मग माझ्याकडे बघितलं. "तुझं किती उरतंय?"

"तीनशे दहा."

"म्हणजे वीस कमी."

ती उठली, फडताळातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली आणि तिचं प्लॅस्टिकचं टोपण घेतलं. त्यावर आत रेघा असतात, पाच मिली, दहा मिली. दहाच्या रेघेपर्यंत पाणी भरून तिने ते वाटीत ओतलं. पुन्हा भरून ओतलं. मग वाटी दोन्ही हातांत धरून आईला दाखवली.

"आई, एवढंच कमी पडलं."

वाटीचा तळसुद्धा जेमतेम झाकला होता. दाजी उठून गॅलरीत गेले. अक्काने वाटी हातात घेतली, बघितली, आणि बाजूच्या स्टुलावर ठेवून दिली. "बरंच झालं," ती मला म्हणाली. "तुझं अजून सगळं व्हायचंय. पोटावर केवढा व्रण घेऊन फिरली असतीस." मी तिच्या पायाशी बसले होते. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि मला वर बघवेना.

आईला फोनवर मीच सांगितलं. ती म्हणाली, "लहानपणी तू नीट जेवायची नाहीस." तिला मला दुखवायचं नव्हतं. तिला फक्त कारण हवं होतं. मी फोन ठेवला आणि त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. असं खाऊन काही होत नसतं हे माहीत असूनही खाल्ल्या.

आम्ही फाइल घेऊन दुसऱ्या एका हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या डॉक्टरांपेक्षा हळू आवाजात तेच सांगितलं. मेलेल्या माणसाच्या लिव्हरसाठीच्या लांब रांगेत अक्काचं नाव होतंच. आता सगळा भार दाजींच्या वजनावर आला.

दाजी अंगाने भारी, भातावर जगणारे. त्यांनी भात सोडला. कारखान्यातला नाश्ता सोडला. पाळी संपली की कंपनीची बस अलीकडेच सोडून तळ्याच्या कडेने चालत घरी यायचे, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. जेवायला बसले की ताटात काकडी आणि उकडलेली डाळ. अक्का त्यांच्याकडे बघत राहायची. "माझ्यापायी उपाशी मारते मी यांना," ती मला म्हणाली. तिला स्वतःला मिठाशिवायचं जेवण घशाखाली उतरत नव्हतं. एका बाजूला ते मुद्दाम वाळत होते, दुसऱ्या बाजूला ती. फक्त तिचं पोट तेवढं वाढत होतं. दर थोड्या दिवसांनी हॉस्पिटलात नेऊन सुईने त्यातलं पाणी काढावं लागायचं.

भाचीचं गणित चालूच होतं. ती आता 'उरलेल्या'ची गणितं बरोबर सोडवायची. ती का जमायला लागली हे मला माहीत होतं, म्हणून मी कधी शाबास म्हटलं नाही.

दाजींचं दुसरं स्कॅन ठरलं त्याच आठवड्यात अक्काला ताप आला. सकाळी अंग कडकडीत तापलं, दुपारपर्यंत ती बरळायला लागली. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. अॅम्ब्युलन्स होसूर रोडच्या गर्दीत अडकली तेव्हा ती माझा हात धरून मला कुणाचा तरी ब्लाउज कधी देणार ते सांगत होती. काचेतून डोकावणाऱ्या एका रिक्षावाल्याने ड्रायव्हरला जागा करून दिली. हॉस्पिटलात तिला थेट आयसीयूत नेलं.

दाजींनी डॉक्टरांना गाठलं. "सर, माझं वजन उतरलंय. आजच स्कॅन करा. आजच घ्या."

"आता त्यांच्या अंगात जंतू आहेत," डॉक्टर म्हणाले. "अशा वेळी कुणाचंही लिव्हर दिलं तरी उपयोग नाही. आधी हे उतरू दे."

ते उतरलं नाही. आधी मूत्रपिंडं बंद पडली, मग बाकीचं. आम्हाला एकेकाला आत सोडायचे. भाचीला सोडत नव्हते. शेवटी एका नर्सबाईंनी तिला दारापर्यंत नेलं आणि काचेतून दाखवलं. अक्काचे डोळे मिटलेले होते. भाचीने हात हलवला, मग कुणी बघत नाही म्हणून खाली घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का गेली.

दाजींचं स्कॅन राहिलंच होतं. ते हॉस्पिटलाचा हिशेब चुकता करून आले आणि मला म्हणाले, "एकदा करून घ्यावं का गं? नुसतं कळायला, जमलं असतं का?" मी नको म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण मला अजून वाटतं, ते माझ्या नकळत कुठेतरी करून आले असावेत, कारण पुढे एकदा ते अचानक म्हणाले, "आता कळून तरी काय उपयोग." काय कळलं ते मी विचारलं नाही.

गल्लीतल्या बायका ब्लाउजची कापडं परत न्यायला आल्या. काही ब्लाउज शिवून तयार होते, काही नुसते कापलेले. घरमालकीणबाई वर येऊन दाराशी बसल्या आणि "अय्यो पाप, पाप" म्हणत डोळे पुसत राहिल्या. कन्नडमधलं हे पाप म्हणजे बिचारी, हे मला चांगलं माहीत होतं. तरी प्रत्येक वेळी ते मराठीतच ऐकू यायचं.

आई निपाणीहून आली होती. दिवस झाल्यावर तिने भाचीला बरोबर न्यायचं काढलं. दाजी म्हणाले, "तिला पण नेलं तर मी या घरात काय करू?" आई एकटीच परतली. मी त्याच घरात राहिले असते, पण लोक बोलायला लागले. बायको गेलेला माणूस आणि बिनलग्नाची मेहुणी. म्हणून मी दोन गल्ल्या सोडून खोली घेतली. भाची शाळेतून माझ्याकडे येते, दाजी आले की घरी जाते.

तीन-चार महिन्यांनी तिच्या वर्गबाईंनी मला बोलावलं. गणिताचा पेपर समोर ठेवला. आकडेमोड सगळी बरोबर होती. शब्दांतली गणितं तिने सोडून दिली होती, एकही ओळ न लिहिता. "येत नाहीत असं नाही," बाई म्हणाल्या. "फळ्यावर तेच आकडे नुसते मांडून दिले तर करते. मी रागावले नाही, पण तुम्ही विचारून बघा."

मी त्या संध्याकाळी विचारलं. ती दप्तराची चेन उघडत आणि लावत बसली होती.

"मला नाही करायची ती."

"का गं?"

"त्यात नेहमी कुणीतरी काहीतरी देतं," ती म्हणाली. "आणि मग विचारतात, किती उरलं."

मी तिला चहा-बिस्किट दिलं. दाजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. तेवढे मार्क गेले तर गेले." वार्षिक परीक्षेतही तिने ती गणितं सोडली आणि तरी पास झाली. माझ्याकडे ती कन्नड करते, विज्ञान करते. गणिताचं पुस्तक घरीच ठेवून येते. मीही ते मागत नाही.

आता ती सहावीत आहे. गणिताला नवे सर आलेत आणि ते कडक आहेत. उत्तरपत्रिका कोरी ठेवणं त्यांना उद्धटपणा वाटतो. पुढच्या सोमवारी त्यांनी पालकांना बोलावलंय. दाजींची पाळी आहे, त्यामुळे मलाच जावं लागेल. सरांना कन्नडमध्ये काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे मी अजून ठरवलेलं नाही.